झाकण उघडल्यावरची वेळ

अकरावीची परीक्षा संपली आणि वृषालीचे पाय जमिनीवर राहीनात. नगरला सावेडीत रंगनाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, दोन खोल्यांचा, चपला बाहेर काढून आत जायचं असा. तिथे नव्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात तिने एका जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. नुसतं चढवलं नाही, त्याचं कर्नेलही स्वतः बांधलं. कर्नेल म्हणजे सगळ्या यंत्राला हाकणारा आतला गाभा. "स्वतः" हा शब्द ती तेव्हा दर वाक्यात वापरायची. पप्पांनी विचारलं, "एवढं स्वतः केलंस, तर मग भांडी कोण घासणार?" तर त्याचंही तिला हसू आलं होतं.

तो लॅपटॉप सरांनी पारनेरजवळच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्राला दिला. दूध घालायला माणूस आला की नाव, लिटर आणि दुधातलं फॅट टाकायचं. सकाळचं दूध की संध्याकाळचं, ते घड्याळ बघून प्रोग्रामच ठरवायचा. बाराच्या आत सकाळ, बारानंतर संध्याकाळ. केंद्र सांभाळणाऱ्या आसाराम काकांना वृषालीनेच सगळं शिकवलं.

"लाईट गेली ना काका, की मधल्या वेळात झाकण लावून टाकायचं. यंत्र झोपतं, बॅटरी वाचते. उघडलं की जागं होतं, होतं तिथून पुढे."

"झोपतं?" काकांना गंमत वाटली. "आन् घोरत न्हाई ना?"

महिन्याभरात केंद्रातून निरोप आला. दूध इकडचं तिकडे होतंय. सकाळी घातलेलं दूध संध्याकाळच्या खात्यात चढतंय, तेही सगळ्यांचं नाही, काहींचंच. पहाटे येणारे बरोबर, उशिरा येणारे उलटे. कुणाचं सकाळचं दूध दिसतच नाही, कुणाचं संध्याकाळी दोनदा. गावात कुजबुज सुरू झाली होती.

वृषाली एसटीने एकटीच गेली. क्लासचं ओळखपत्र गळ्यात, पाठीवर सॅक. केंद्रापुढे किटल्या घेऊन माणसं उभी होती. बनुबाई नावाच्या म्हातारीने तिला दारातच गाठलं.

"ए ताई, माजी म्हैस सकाळी आटती आन् संध्याकाळी दुप्पट पान्हावती व्हय? तुजं यंत्र तर तसंच सांगतंय."

सगळे हसले. वृषालीही हसली, पण तिला ते हसणं आपल्या कर्नेलवर आल्यासारखं लागलं. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. घड्याळ अगदी बरोबर. प्रोग्राम चालवून बघितला. बरोबर. दूध संस्थेचे चेअरमन शेजारी उभे होते, त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "यंत्रात काही नाही. वेळ कुणीतरी हलवतंय."

मग तिने आसाराम काकांना विचारलं, सगळ्यांसमोर, "काका, घड्याळाला हात लावता का तुम्ही?"

"लावतो की," काका सरळ म्हणाले. "ते भितीवरचं धा मिंटं पुढं ठिवतो. टँकर चुकू न्हाई म्हनून. लोकं येळंवर येत्यात."

"बघा!" वृषालीचा आवाज चढला. केवढा आनंद झाला होता तिला, सापडलं म्हणून! "आज भिंतीवरचं, उद्या कॉम्प्युटरचं. घड्याळ मागंपुढं केलं की नोंद बदलणारच. आणि काहींचीच बदलते, म्हणजे कोण आलंय ते बघून बदलते."

शेवटचं वाक्य तिने आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि फार छान वाटलं. रांगेतली माणसं काकांकडे बघू लागली. आसाराम काका फॅट काढायच्या यंत्राजवळ उभे होते. ते एवढंच म्हणाले, "म्या त्या कॉम्पुटरच्या घड्याळाला बोट लावलेलं न्हाई, पोरी." चेअरमननी हात पुढे केला. काकांनी कमरेची केंद्राची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि किटल्यांमधून वाट काढत निघून गेले.

वेळ कुणाला बदलताच येऊ नये असं कुलूप घालायचं म्हणून वृषाली लॅपटॉप नगरला घेऊन आली. सरांनी पाठ थोपटली. "भले! मोठी माणसं बिचकतात असं तोंडावर बोलायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लासमध्ये कुलपाचं काम करत बसली होती. अकरा वाजले असतील. लाईट गेली. सर म्हणाले, चल, कोपऱ्यावर रस पिऊन येऊ. तिने सवयीने झाकण लावलं. परत आल्यावर उघडलं. यंत्र जागं झालं, होतं तिथून पुढे, शहाण्या बाळासारखं.

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती पाच वाजत आल्याची.

वृषालीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. साडेअकरासुद्धा झाले नव्हते. तिने झाकण लावलं, उघडलं. वेळ तीच, साडेपाच तास पुढे. यंत्र बंद करून चालू केलं. घड्याळ बरोबर. झाकण लावलं, उघडलं. साडेपाच तास पुढे.

आणि तिला एकदम हिशेब लागला. साडेसहाच्या आत येणाऱ्याचे साडेपाच तास वाढले तरी बारा वाजत नाहीत. साडेसहानंतर येणाऱ्याचे वाजतात. कोण आलंय ते बघून नाही. उजाडल्यावर आलाय, म्हणून. आणि गावात तिने स्वतः काय केलं होतं? यंत्र बंद करून चालू केलं होतं. झाकण एकदाही लावलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या.

"बॅटरी गेली असेल आतली," सर म्हणाले.

"बॅटरी गेली तर वेळ मागं पडेल सर. साडेपाच तासच पुढं कशी जाईल, आणि तीही मोजून?"

तरी तिला आशा होती. कर्नेल जगातल्या कुणी कुणी लिहिलेलं, त्यांच्यातल्या कुणाची तरी चूक असेल. तिने झोपेचा कोड उघडला. झोपण्याआधी वेळ छापायची एक ओळ घातली, उठल्यावर छापायची दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये तिसरी. कर्नेल पुन्हा बांधायला लावलं. ते जुनं यंत्र कुंथत कुंथत दुपारभर बांधत बसलं, ती नखं खात बसली.

झाकण लावलं, उघडलं. ओळी आल्या. झोपताना वेळ बरोबर. मधली ओळही बरोबर: यंत्राच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं, ते झोपेतही चालतं, त्यात भारताची वेळ अगदी ठीक होती. यंत्र बंद करून चालू केलं की वेळ दुसराच प्रोग्राम लावतो, आणि तो बरोबर लावत होता. पण झोपेतून उठल्यावर कर्नेल स्वतः त्या घड्याळाला विचारतं, किती वाजले? घड्याळ खरं सांगतं. आणि कर्नेल ते ग्रीनिचचं समजून त्यात भारताचे साडेपाच तास मिळवतं.

ग्रीनिचचं का समजतं? तर बांधताना तसं सांगितलंय म्हणून. कर्नेल बांधताना ते शेकडो प्रश्न विचारतं, हो की नाही. त्यातलाच एक: पोटातल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ आहे का? वृषालीने आपल्या उत्तरांची फाइल उघडली. तिथे "हो" होतं. तिला तो प्रश्न आठवतही नव्हता. शेवटी शेवटी ती न वाचताच "हो" दाबत सुटली होती, कधी एकदा बांधून होतंय आणि सरांना दाखवतेय असं झालं होतं तिला.

स्वतः बांधलेलं.

सरांनी वाचलं. म्हणाले, "एका अक्षराचं काम आहे. बदल, उद्या पाठवून देऊ. बग होता, काढला, असं कळवू. कोण विचारतंय?"

वृषाली "बरं" म्हणाली. खरंच म्हणाली. घरी येईपर्यंत तिला ते पटलंही होतं. बग होता. बग असतातच. जेवताना पप्पा भिंतीकडे बघून म्हणाले, "साडेआठ झाले, म्हणजे आठ वीस झाले. बातम्यांना अवकाश आहे अजून." त्यांच्याही घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढेच असायचं. पप्पांची ड्यूटीची गाडी चुकू नये म्हणून. वृषालीच्या जन्माआधीपासून. तिने ताट बाजूला सरकवलं.

दुरुस्त केलेला लॅपटॉप घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने गेली. केंद्रावर न जाता आधी आसाराम काकांचं घर विचारलं. दारात त्यांची बायको, भागिरथीकाकू, शेंगा फोडत बसली होती. गळ्यातलं ओळखपत्र घालायला वृषाली आज विसरली नव्हती, मुद्दामच घातलं नव्हतं. तरी काकूने ओळखलं.

"तूच का ती? या, बसा म्हनत न्हाई मी. मानूस दोन दिस झालं जेवत न्हाई का गावात जात न्हाई. पोरी त्याला चोर म्हनून गेल्यात, त्याच्या पोरीच्या वयाच्या."

काका आतून आले. वृषालीने सांगायला सुरुवात केली. घड्याळ, ग्रीनिच, प्रश्न, हो. काकांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी म्या न्हाई हलवलं?"

"नाही काका. मी. माझ्या हातून झालं. मला माफ..."

"हितं नगं," काका म्हणाले. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "जितं बोल्लीस तितं बोल."

केंद्रावर संध्याकाळचं दूध सुरू झालं होतं. चेअरमन स्वतः घामाघूम होऊन फॅट काढत होते. वृषाली उंबऱ्याजवळ उभी राहिली आणि बोलली. आवाज इतका बारीक निघाला की बनुबाई म्हणाली, "त्या दिशी तर येशीपत्तुर ऐकू आलं, आज काय गिळलं?"

ती पुन्हा बोलली, मोठ्याने. "चूक माझी होती. यंत्र झोपून उठलं की वेळ चुकत होती. काकांनी काही केलं नाही. मी न तपासता बोलले."

चेअरमननी किल्ली काकांपुढे धरली. काकांनी ती कमरेला खोचली, बाही वर केली आणि पहिली किटली ओढली. वृषालीला वाटलं, संपलं. तेवढ्यात सायकलवरून एक माणूस आला, काकांना बघून चपापला.

"आसाराम? तू कसा काय हितं?"

काकांनी मान वर केली नाही. "सांग त्यांला," ते म्हणाले.

वृषालीने सांगितलं. मग दोन बाया आल्या. "सांग." तिने सांगितलं. दर वेळी शब्द कमी होत गेले, लाज मात्र तेवढीच. कुणी "अरारा" म्हणालं, कुणी हसलं, एक पोक्त गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, "शिकून एवढंच का?" काका फॅट काढत राहिले, कुणाच्याही नोंदीत चूक न करता. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

लांबून टँकरचा हॉर्न वाजला. किटल्यांची झाकणं लागली. तेवढ्यात वाटेने एक पोरसवदा सून पदर सावरत, हातातली किटली हिंदकळवत पळत आली आणि काकांना बघून दारातच थबकली.

काकांनी तोंड उघडलं.

"मी सांगते," वृषाली म्हणाली, आणि त्या बाईच्या हातातली किटली घेऊन पहिल्यापासून सांगू लागली.