तेलाला आदरांजली

वत्सलाचं तेल चार महिन्यांत मरायचं आणि ती ते छातीठोकपणे सांगायची. केरळातल्या त्या चेलक्कर गावात काही लग्नं याहून कमी टिकली होती, पण त्यांच्याबद्दल आधी कोणी इतकं खरं बोललं नव्हतं.

पॉल्सन त्रिशूरहून आला तेव्हा ती मागच्या पडवीत काशाच्या कढईत खोबरेल कढवत होती. जास्वंदीचा पाला, कढीपत्ता, कोरफड. तिनं वात तेलात बुडवून पेटवली. तडतडली.

"पाणी आहे अजून," ती वातीला म्हणाली आणि पळीनं ढवळू लागली.

"चेची, माल उत्तम," पॉल्सन थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला. त्याचं तीन मजली दुकान होतं. "दर महिन्याला उचलतो. फक्त बाटलीवर दोन वर्षं टिकतं असं लिहा."

"चार महिने."

"शेजारच्या सगळ्या बाटल्या दोन वर्षांच्या. गिऱ्हाइकाला वाटेल, तुमच्या तेलाला आजार आहे."

"आहेच. पाल्याचा. चार महिन्यांनी खवट होतं."

बचतगटाची सेक्रेटरी लीलामणी मध्ये पडली. "अगं, लिही ना! दोन वर्षांनी कोण बघायला येतंय? तोवर केस तरी जातील, नाहीतर गिऱ्हाईक तरी."

वत्सलानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "बाटलीवर आईचा चेहरा जाणार. लोकांच्या डोक्याला वास सुटेल आणि ही वर हसत बसेल? जिवंत असती तर हीच पळी माझ्या पाठीत बसली असती."

"शनिवारी टेम्पो आणतो," पॉल्सन म्हणाला. "दोन वर्षं दिसली तर भरून नेईन. नाहीतर रिकामा."

वत्सला त्याच संध्याकाळी लेबलं छापायला शैजनकडे गेली. आईचा फोटो दिला, खाली चार महिन्यांच्या अंतरानं दोन तारखा आणि गटाचं नाव दिलं. शैजन गावातल्या मयतांचे फ्लेक्स छापायचा. प्रेताला आंघोळ घालेपर्यंत त्याचा फ्लेक्स नाक्यावर लागलेला असे. म्हातारीचा फोटो आणि दोन तारखा दिसल्यावर त्याचे हात आपोआप चालू लागले. चार महिन्यांचं बाळ इतकं वयस्कर कसं, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. फ्लेक्स एवढे छोटे का, हेही नाही. महागाई होती.

लेबलं आली. काळी चौकट, दोन्ही बाजूंना समया, वर 'आदरांजली'. खाली जन्म, मृत्यू, आणि 'शोकाकुल: महिला बचतगट'.

लीलामणी किंचाळली. "फाड आधी! दुसरी छापू. दोन वर्षांचीच!"

वत्सलानं लेबल नीट वाचलं. "यात खोटं काय आहे, दाखव."

लीलामणीनं बराच वेळ शोधलं. "शोकाकुल. मी शोकाकुल नाहीये."

"शनिवारी होशील," वत्सला म्हणाली आणि खळीचा डबा उघडला.

शनिवारी पॉल्सननं बाटली हातात घेतली आणि सवयीनं छातीवर क्रूस काढला. मग वाचलं.

"चेची, मेलेलं तेल कोण घेईल?"

"मेलेलं नाही, मरणार आहे. तुमच्या दुकानात न मरणारं काय ठेवलंय तेवढं सांगा."

पॉल्सननं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं टेम्पो सुरू केला. रिकामा. गटातल्या बायका दोन दिवस वत्सलाशी बोलल्या नाहीत, आणि लीलामणी खरोखरच शोकाकुल झाली.

वत्सलानं नाक्यावर टेबल मांडलं. काळी चौकट दिसली की चेलक्करातला माणूस थांबतोच.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. ओणमपर्यंत आहे."

लोक चुकचुकायचे, आणि इतके चुकचुकल्यावर तसंच निघून जाणं बरं दिसत नाही म्हणून एखादी बाटली घ्यायचे. टेम्पोभर काही खपलं नाही. ओणम आला तेव्हा थोड्या बाटल्या उरल्याच होत्या.

त्या दिवशी वत्सलानं त्यांची बुचं काढली, वास घेतला, मान हलवली आणि सगळं तेल आईच्या फोटोपुढच्या समईत ओतलं. लीलामणी दारात आली. पांढरी साडी नेसून.

"पॉल्सननं दुसरीकडून घेतलं म्हणे," ती म्हणाली. "दोन वर्षांचं."

"स्वतःच्या डोक्याला लाव म्हणावं त्याला."

वत्सलानं वात पेटवली. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. वात जराही तडतडली नाही.

"आजारी होतं का गं?" लीलामणीनं हळूच विचारलं.

"छे," वत्सला म्हणाली. "वय झालं होतं."