आप्पांना सगळं चालतं

आप्पांना स्वतःच्या पुढारलेपणाचा कोण अभिमान! थोरल्याचं लग्न त्यांनी कचेरीत वीस मिनिटांत उरकलं. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत, सून दुसऱ्या धर्माची आणि तीच घरात लाडकी. आता धाकटीचा नंबर होता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, चौतिशी उलटली होती, आणि सात वर्षं एका पार्लरवालीबरोबर राहत होती. भाडं वाचतं म्हणून, अशी घरच्यांची समजूत.

पार्लरवालीला स्वतःच्या घराचं दार कधीच बंद झालं होतं. खरं काय ते कळलं त्या दिवशी भावानं तिची बॅग जिन्यात नेऊन ठेवली. तेव्हापासून दर रविवारी ती आप्पांकडे जेवायची. धाकटीची आई तिला सगळ्यांच्या आधी वाढायची.

आज सांगून टाकायचं, असं दोघींचं पक्कं ठरलं होतं. धाकटीनं बोलायचं, पार्लरवालीनं फक्त "खरं आहे" म्हणायचं. बास.

आप्पांनीच विषय काढला. "कुणी मनात असेल तर सांग बाई! जात चालेल, धर्म चालेल, घटस्फोटित चालेल. नाहीतर एक मुलगा आहे माझ्या बघण्यात."

"मला हीच हवी आहे," धाकटी म्हणाली. "सात वर्षं हिच्याशीच संसार करतेय मी."

आप्पा ठसका लागेपर्यंत हसले. "घ्या! फुकटात फेशियल करणारा जावई!" आता बोला! त्या घरात चेष्टेशिवाय घास उतरायचा नाही.

"मी चेष्टा करत नाहीये."

हसणं थांबलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती पार्लरवालीकडे बघायला लागली, मग सगळेच बघायला लागले. धाकटीनं टेबलाखाली तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"काकू, हिचं काय मनावर घेता!" पार्लरवाली खो खो हसली. "स्थळं टाळायची नाटकं नुसती. बोलवा त्या मुलाला, मी हिला तयार करते."

"मेले, जीव गेला असता माझा!" म्हणत आईनं पुन्हा वाढायला घेतलं.

जिना उतरताना धाकटीनं संतापून तिला अडवलं. "का गं?"

"माझी आई त्या दिवशी अशीच बघत होती. हेही घर गेलं असतं."

"आणि मी?"

पार्लरवाली भराभर पायऱ्या उतरून पुढे निघून गेली.

पुढच्या रविवारी मुलगा आला. भला होता बिचारा. आप्पांनी तो किस्सा त्याला रंगवून सांगितला आणि तोही पोट धरून हसला. "मग काय म्हणतेस?" आईनं विचारलं. धाकटीनं पार्लरवालीकडे पाहिलं. ती पाहुण्यांना वाढत होती, तिनं मान वर केली नाही.

"ठरवून टाका," धाकटी म्हणाली.