फोनच्या पायांचं कुंकू

सोमवारी पहाटे बंगळूरला, बनशंकरीतल्या विठोजींच्या घरापुढे रिक्षा थांबली आणि तिच्यातून गंगव्वा अक्का उतरल्या. मागोमाग त्यांची ट्रंक, पितळी डबा आणि दगडी जातं. हे घडलेलं नाही. विठोजींनी तसं ठरवलंय, आणि विठोजींनी एकदा ठरवलं की घडलेल्या गोष्टीलाही मागे सरकावं लागतं. तेव्हा अक्का आलेल्या नाहीत असंच धरून चालू.

गंगव्वा अक्का म्हणजे विठोजींची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, मुक्काम निपाणी. आई लवकर गेली, त्यामुळे विठोजींना अक्कांनीच वाढवलं, आणि ते काम संपल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. दर रविवारी देवपूजा उरकली की त्या विठोजींच्या घरच्या फोनवर फोन करतात. मोबाइलचे दहा आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून. बंगळूरच्या कोडासकट घरच्या फोनचे अकरा होतात, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नाही.

नियम एकच. फोन विठोजींनी स्वतः उचलायचा. नाही उचलला, तर भावाचं काही खरं नाही असं समजून अक्का रात्रीच्या बसनं निघतात. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी विठोजी केस कापायला गेले होते. सोमवारी अक्का हजर. मग चार महिने घरात कॉफी बंद, टीव्ही आठला बंद, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या विठोजींना दोन्ही वेळा वरणभात भरवून.

आता विठोजींच्या गुडघ्यानं दगा दिला होता. त्यांची रविवारची सकाळ गच्चीवर जायची, कुंड्यांमध्ये, फिल्टर कॉफीचा लोटा घेऊन. फोन खाली, दाराजवळच्या कोनाड्यात. गेल्या रविवारी ते शेवटच्या घंटीला पोचले.

"धापा का टाकतोस रे?" अक्कांनी विचारलं.

"व्यायाम करत होतो."

"या वयात? येऊन बघू का?"

"बंद केला, अक्का. आत्ताच बंद केला."

सोयराबाईंनी, म्हणजे विठोजींच्या पत्नीनं, सुचवलं की रविवारी फोनशेजारी खुर्ची टाकून बसा. विठोजी म्हणाले, फोनची वाट बघत बसलेला माणूस म्हातारा असतो. मी म्हातारा नाही, फोन लांब आहे. आणि गुरुवारी जाऊन त्यांनी कॉर्डलेस फोन आणला. खाली फोन ठेवायची बैठक, तिला वायर. हातात घेऊन फिरायचा फोन मात्र बिनवायरचा. गच्चीपर्यंत आवाज येतो, असं दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

माहितीपुस्तिका विठोजींनी लढाईचा नकाशा वाचावा तशी वाचली. पहिलं वाक्य: वापरण्याआधी अख्खी रात्र चार्ज करावा. पण ती वाचून होईपर्यंत शुक्रवार उजाडला, आणि शुक्रवारी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडली गेली: पणजोबांची तलवार, स्कूटरची किल्ली, मिक्सर, इस्त्री, नात हर्षिताचा लॅपटॉप. नवा फोनही रांगेत बसला. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही, ही घरची रीत. शनिवारी संध्याकाळी विठोजींनी फोनला आपट्याचं पान दिलं, नमस्कार केला आणि बैठकीवर ठेवला. बैठकीचा हिरवा दिवा आधीपासूनच लागलेला होता. ते निर्धास्त झोपले.

रविवारी सकाळी फोन उचलला. पडदा काळा. बटण दाबलं. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबलं.

"हर्षिता!"

हर्षिता इंदिरानगरच्या एका ऑफिसात लोकांची कॉम्प्युटरं लांबूनच दुरुस्त करायची. आज तिला जवळून बघावं लागलं. तिनं फोन उलटा केला. तळाला चार्जिंगच्या दोन चकचकीत पट्ट्या असतात. एकीवर तेलात कालवलेली हळद होती, दुसरीवर कुंकू. जाड, वाळलेलं, भक्तिभावानं लावलेलं.

"अज्जी, हे इथं का लावलंस?"

"मग कुठं लावू? तोंडाला लावलं तर त्यात बोलणार कसे? पाय दिसले, पायांना लावलं."

"अगं, हे पुसायला हवं. वीज आत जात नाही."

सोयराबाई ताठ उभ्या राहिल्या. "कुंकू पुसायचं? सणाच्या दुसऱ्या दिवशी? हे समोर धडधाकट उभे असताना? हर्षिता, मी ऐकलं नाही, तू बोलली नाहीस."

"मग जुना फोन लावू?"

"लावायचा नाही!" विठोजी गरजले. "मी गच्चीवरूनच बोलणार. याच फोनवर. कुंकूही पुसायचं नाही."

निपाणीत एव्हाना आरती सुरू झाली असणार. विठोजींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "पुसायचं नाही. पण घ्यायला काय हरकत आहे?"

त्यांनी फोनच्या पायांवर कपाळ टेकवलं आणि घासलं. वर आले तेव्हा कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

सोयराबाईंनी क्षणभर विचार केला. "हे चालतं," त्या म्हणाल्या आणि वाकल्या. मग हर्षिता. पण पट्ट्या काही निघेनात. सोयराबाईंचा हात सढळ. शेजारचे भगवंतराव पेपर मागायला आले, त्यांना रांगेत घेतलं.

"फोनचं दर्शन?" भगवंतराव म्हणाले. "नवस बोलला तर पावतो का?"

"आत्ता ऐकू जायचं नाही. चार्ज नाही," विठोजी म्हणाले. "डोकं टेका. जोर लावून."

पार्सल घेऊन आलेल्या पोरानं काहीच विचारलं नाही. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाला, डोकं टेकवलं, मग ओटीपी मागितला. त्याच्या कपाळाला शेवटची हळद लागली आणि पट्ट्या लखलखल्या. फोन बैठकीवर ठेवताच पडद्यावर एक बारीकशी रेघ उजळली. विठोजींनी ती कोवळ्या मोडाकडे बघावं तशी बघितली. थोड्या वेळानं फोन खिशात घातला आणि एकेका पायरीवर गुडघ्याला दम देत ते गच्चीवर गेले. लोट्यातली कॉफी अजून कोमट होती.

फोन वाजला. पहिल्याच घंटीला विठोजींनी उचलला.

"अक्का!"

"एवढ्या लवकर कसा उचललास? बरा आहेस ना?"

"गच्चीवर आहे. फिरतोय."

"वायर गच्चीवर नेलीस?"

"वायर नाहीच, अक्का."

"वायर नाही, तर आवाज कुठून येतोय तुझा?" अक्कांचा स्वर बदलला. "विठू, खरं सांग. तू कुठं आहेस?"

"इथंच आहे! गुडघा, श्वास, सगळं उत्तम. मी अगदी ठण—"

पडद्यावरची रेघ विझली.

विठोजी पुढचं सगळं काळ्या पडद्याला सांगत राहिले. हर्षितानं धावत जाऊन जुना फोन जोडला आणि निपाणीला लावला. अक्कांच्या शेजारणीनं उचलला. "त्या गेल्या की स्टँडवर. रात्रीच्या बसपर्यंत तिथंच बसणार, कुणाचं ऐकत नाहीत. भाऊ बोलता बोलता गेला म्हणून रडत होत्या. जातं उचलायला माझ्या नवऱ्याला नेलंय."

सोमवारी सकाळी विठोजी गच्चीवर होते. खालून कुणीतरी जातं सरकवत असल्याचा आवाज येत होता. तो त्यांनी ऐकला नाही. कॉफीचा लोटा कुणीतरी उचलून नेला होता. तेही त्यांनी पाहिलं नाही. शेजारी वरणभाताची थाळी होती आणि एक सुरकुतलेला हात त्यांच्या तोंडाशी घास धरून होता. तो मात्र त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. मग मांडीवर पाट घेऊन लिहायला लागले:

"प्रति, टेलिफोन अधिकारी. विषय: अर्धवट पोचलेल्या शब्दाबाबत. महोदय, रविवारी माझ्या फोनवरून 'ठणठणीत' या शब्दाचा केवळ पूर्वार्ध निपाणीस पोचला. तरी उर्वरित 'ठणीत' कार्यालयीन खर्चाने, रविवारच्याच तारखेने, सदर बाई घराबाहेर पडण्यापूर्वी त्यांच्या कानी पोचता करावा, आणि त्या बंगळूरला आलेल्याच नाहीत असा दाखला, जात्याच्या उल्लेखासह, अर्जदारास मिळावा, ही नम्र विनंती."