गाळलेली वर्षे

सुरुवातीची वर्षे तिने गाळून टाकली आणि खुर्चीत मागे रेलून ती पडद्याकडे पाहत राहिली. हजारो माणसांच्या सकाळी, त्यांनी प्यायलेली कॉफी, त्यांची दुखणी, त्यांना आठवलेले आणि न आठवलेले शब्द, असे सगळे यंत्राच्या पोटातून पुन्हा एकदा फिरून बाहेर आले. आणि कालपर्यंत कॉफीच्या कपागणिक विस्मृतीच्या धोक्याची जी रेषा ऐटीत उतरत होती, ती आज जवळजवळ आडवी पडली. थकलेल्या माणसाने अंग टाकावे तशी.

"गेला का फायदा?" मागून या अभ्यासाचे प्रमुख असलेल्या सरांनी विचारले. त्यांच्या हातात त्यांचा कप होता.

"गेला, सर. थोडा उरलाय. पण छातीठोकपणे सांगावा एवढा नाही."

"आणि पेपरवाले छापून मोकळे झाले. 'कॉफी प्या, स्मृती जपा.' आमच्या सासूबाई सकाळपासून तिसरा कप पितायत. म्हणाल्या, जावई पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोलला."

ती हसली. कच्चा निष्कर्ष सरांनीच एका सभेत घाईने बोलून दाखवला होता, आणि आता तो निस्तरायचे काम तिच्या टेबलावर येऊन पडले होते. घरात ती धाकटी. मोठा भाऊ समुद्रापलीकडे गेल्यावरही तिचे हे नाव सुटले नव्हते. इथे मात्र सगळे तिला मॅडम म्हणत, आणि गाळायचे काम मॅडमकडेच यायचे.

त्या कामाची रीत साधी होती, पण क्रूर होती. विस्मृतीचा आजार दार वाजवून येत नाही. कुणाच्या लक्षात येण्याच्या कितीतरी आधी तो घरात शिरलेला असतो, कोपरा धरून बसलेला असतो. माणूस एकेक गोष्ट सोडू लागतो: पत्त्यांचा डाव, लांबचा फेरफटका, सकाळची कॉफी. आणि मग आकडे भाबडेपणाने सांगू लागतात की बघा, ज्यांनी कॉफी सोडली त्यांची स्मृती गेली. प्रत्यक्षात स्मृती निघाली होती म्हणून कॉफी सुटलेली असते. म्हणून पाहणीत नाव घातल्यावर पहिल्या काही वर्षांतच जे आजारी पडले, त्यांना हिशेबातून वगळायचे. ती वर्षे निरोगी दिसतात, पण ती निरोगी नसतात.

फोन वाजला तेव्हा ती हेच टिपणात लिहीत होती.

"पेपर वाचला," आई म्हणाली. "तुमचाच ना तो अभ्यास?"

"आमचाच. पण आई, त्यात—"

"संध्याकाळी ये. फोनवर नको."

आईने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. परक्यांची भांडणे, लग्ने, मृत्यू तिने तारांनी एकमेकांना जोडून दिले होते. फोनवर न बोलण्यासारखे काही असते यावर तिचा सहसा विश्वास नसे.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर धाकटीला कळून चुकले की आई काय विचारणार आहे. आणि आश्चर्य म्हणजे तिला हलके वाटले. इतकी वर्षे ती माणसांचे आकडे करत आली होती. त्यातला एकही आकडा कधी कुणाच्या उशाशी पाण्याचा पेला होऊन उभा राहिला नव्हता. आज पहिल्यांदा तिच्या विद्येत कुणाला द्यायला काहीतरी होते. आणि ते सगळ्यात आधी आईला मिळणार होते.

बाबा वजनमाप निरीक्षक होते. बाजारात त्यांची चाहूल लागली की दुकानदार तराजू पुसायला घेत. घरी त्यांच्या जिभेला धार असे आणि शब्दांची टंचाई. "बाहेर सगळ्यांची मापं सरळ करतात आणि घरात बोलताना स्वतःच मापात मारतात," असे आई शेजारणींना सांगायची; शेजारणी हसायच्या, आई हसायची नाही. पहाटे उठून ते कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जात, दोस्तांबरोबर काळी, कडू, वाफाळती कॉफी पीत. घरी आल्यावर पुन्हा डब्यातली कॉफी काढून आणखी एक कप, वर्तमानपत्राच्या आड. त्या कागदी भिंतीच्या अलीकडे आईचा संसार चालत असे. मग एका सकाळी आईचा बांध फुटला आणि तिने कॉफीचा अख्खा डबा सिंकमध्ये ओतला. त्या दिवसापासून बाबांनी कॉफीचे नाव काढले नाही. पुढे काही वर्षांनी त्यांचा विस्मृतीचा आजार उघड झाला.

पण त्या डब्याच्या आधीचे एक धाकटीला ठाऊक होते, ते आईला ठाऊक नव्हते. बाबांनी तिला कचेरीत फोन केला होता. ते कधीच फोन करत नसत.

"तो कॉफीवाला बदमाश झालाय," ते म्हणाले होते. "कशाचा वास नाही, चव नाही. नुसतं गरम पाणी. मापात खोट नाही, मी बघितलं. मालात आहे. तुमच्याकडे तपासून मिळतं का गं?"

"आमच्याकडे नाही तपासत, बाबा."

"मग काय उपयोग तुमच्या एवढ्या शिक्षणाचा?" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. नंतर तिला कळले की त्यांनी त्या बिचाऱ्याशी भांडण काढले, दुकान बदलले, मग तेही सोडले. घरचा कपही ते खिडकीतल्या कुंडीत रिकामा करत असावेत. त्या वर्षी ते झाड जळून गेले होते. आईने डबा ओतला तेव्हा कॉफी केव्हाच सुटलेली होती. वास हरपणे ही या आजाराची फार आधीची खूण असते. ही साक्ष धाकटी आज सोबत घेऊन चालली होती.

दार बाबांनीच उघडले. दाढी घोटून केलेली, केस विंचरलेले. आईच्या हातची टापटीप.

"या, या," ते अदबीने म्हणाले. "कुणाकडे काम होतं?"

एके काळी ते तिला 'ए शहाणे' म्हणून हाक मारत.

"आईकडे."

"असं का? त्या आत आहेत. बसा ना तुम्ही, उन्हातून आलात." आणि स्वतःची खुर्ची त्यांनी तिच्यासाठी पुढे सरकवली. ती क्षणभर त्या खुर्चीत बसली, कारण न बसणे जड गेले असते. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि ती आली आहे हे विसरून गेले.

आई स्वयंपाकघरात सफरचंदाच्या पातळ फोडी करत होती. घशात अडकू नयेत इतक्या पातळ की त्यांतून सुरीचे पाते दिसत होते. तिने मान वर केली नाही.

"इतकी वर्षं शिकलीस," आई म्हणाली, "तर मला सरळ उत्तर दे. मी ह्यांची कॉफी सोडवली, म्हणून हे असं झालं का?"

"नाही, आई."

"पेपरात तर—"

"पेपरात चुकीचं आलंय. मी आज दिवसभर तेच करत होते. ऐक." धाकटी स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. तिच्या आवाजात वर्गात शिकवावे तशी उमेद आली होती. "हा आजार दिसायच्या आधी कितीतरी वर्षं आत सुरू झालेला असतो. तेव्हा माणूस चांगला हिंडताफिरता असतो, कुणाला शंकाही येत नाही. पण त्याच्या आवडीनिवडी बदलतात. तो कॉफी सोडतो. म्हणजे कॉफी सोडली म्हणून आजार झाला नाही, आजार होता म्हणून कॉफी सुटली. कळलं? तुझा काही दोष नाही. तू डबा ओतला नसतास तरीही हेच झालं असतं."

आईची सुरी थांबली होती. एक्स्चेंजमधल्या बायकांच्या कानांना सवय असते. तार जोडली गेली की नाही ते त्यांना लगेच समजते.

"कितीतरी वर्षं आधी," आई म्हणाली.

"हो."

"म्हणजे कॉफी सोडली तेव्हा हे आजारी होते."

"सुरुवात झालेली असणार."

"आणि त्यानंतर? डॉक्टरांनी नाव सांगेपर्यंत? तेव्हाही?"

"तेव्हाही, आई. म्हणून तर म्हणते, तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

आईने फोड बशीत ठेवली. बाहेरच्या खोलीत बाबांनी खिडकी उघडली, मग लावली.

"तुला सांगितलं नाही कधी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू झाला की धाकटीला पुढे वाकावे लागले. "मुलांना काय सांगायचं असलं. डबा ओतला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घाबरून उठले. म्हटलं, आता काय आकाशपाताळ एक करतायत. तर हे इथं आले आणि तू बसलीस त्या स्टुलावर बसले. पेपर नाही, काही नाही. म्हणाले, तू एक्स्चेंजमध्ये होतीस तेव्हाचं काहीतरी सांग. मी बघतच राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसानं मला कधी विचारलं नव्हतं, तू दिवसभर काय केलंस."

धाकटी त्या स्टुलावर जराशी सरकून बसली.

"मी त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली, रोज फोन लावून नुसतीच रडायची ती. किती हसले! दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, ती रडणारी बाई, पुन्हा सांग ना. रोज, बरं का. पुन्हा सांग. मी म्हणायचे, अहो, कालच नाही का सांगितली? तर म्हणायचे, सांग गं, तुझ्या तोंडून छान वाटतं." आईच्या ओठांवर एक लाजरे, तरुण हसू येऊन थबकले. "मला वाटलं, माणूस म्हातारपणी निवळतो. उशिरा का होईना, माझ्या वाट्याला आला. घरात कुणी माझं ऐकतंय म्हणून मी बाई रंगवून रंगवून सांगायचे. माझ्या सगळ्या संसारात जगल्यासारखी तेवढीच वर्षं."

ती थांबली. तिने धाकटीकडे पाहिले. त्या नजरेत आरोप नव्हता. अंधाऱ्या जिन्यात पुढची पायरी पायाने चाचपावी तशी ती नजर होती.

आपण घरात काय घेऊन आलो, हे धाकटीला तेव्हा दिसले. आईच्या माथ्यावरचा दोष उचलताना तिने त्याखालची, बाबांच्या जिव्हाळ्याची ती वर्षेही उचलून आजाराच्या खात्यात टाकली होती. तीच वर्षे, जी दुपारी यंत्राची एक कळ दाबून तिने हजारोंच्या आयुष्यांतून वगळली होती. निरोगी दिसणारी. कुणी कुणाला हसून 'पुन्हा सांग' म्हणाले असेल, ती वर्षे.

बाबांच्या फोनची ती गोष्ट तिच्या जिभेवर तयार होती. वास नाही, चव नाही, नुसतं गरम पाणी. ती सांगितली असती तर दोषाचा उरलासुरला धागाही तुटला असता. तिने ओठ मिटले.

"तुमचं हे जे आहे," आईने विचारले, "हे प्रत्येकाला लागू होतं का गं?"

धाकटीने श्वास घेतला. हे तरी खरे होते. याचा तरी आधार होता.

"नाही. ते सगळ्यांचं मिळून असतं. हजारोंचा कल कळतो. एकट्या माणसाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही."

"एखाद्याचं वेगळंही असू शकतं."

"असू शकतं."

"एखाद्याला काहीही झालेलं नसेल. बायको म्हणाली म्हणून त्यानं सोडली असेल कॉफी. आणि मग तिच्याजवळ येऊन बसला असेल. आणि आजार नंतर झाला असेल. कॉफी सोडल्यामुळं."

आई हे एकेक वाक्य सावकाश बोलत होती, जणू एखाद्या करारातली कलमे वाचून दाखवत होती आणि शेवटचे कलम तिच्या स्वतःविरुद्ध जाणार होते हे तिला पक्के ठाऊक होते. तिचे हात मांडीवर पडले होते. सफरचंदाच्या फोडी हवेने तांबूस होऊ लागल्या होत्या.

"आई, अगं, पण मग तू जन्मभर स्वतःला—"

"मी काय विचारतेय, तेवढं सांग."

बाहेर बाबा कुणाशी तरी बोलत होते; कदाचित काचेतल्या स्वतःशी. त्या आवाजात अदब होती, शांतपणा होता, कडवटपणाचा लवलेश नव्हता. दोघी तो आवाज ऐकत राहिल्या.

"त्यांची कॉफी मी सोडवली," आई म्हणाली. "मीच ना?"

दिवसभर जे आकड्यांतून खोडून काढण्यासाठी धाकटी झगडली होती, ते तिच्यासमोर एक म्हातारी होऊन बसले होते आणि तिच्या तोंडून होकार मागत होते. तिने आईचा हात हातात घेतला. सफरचंदाच्या रसाने तो चिकट झाला होता, आणि थंड.

"हो, आई," ती म्हणाली. "तूच सोडवलीस."

आईने डोळे मिटले. मग हात सोडवून घेऊन तिने बशी उचलली, आणि पदराने तोंड पुसून ती बाहेर त्यांच्याकडे गेली.