काहीही नावाची नोकरी

सेत्सुओ हिवातारी ज्यावर कामाला होता तो रोपवे बंद झाला वसंतात, देवदारांच्या परागांनी डोंगर पिवळट धुरकट दिसतो त्या दिवसांत. तारा जुन्या झाल्या होत्या आणि नव्या घालायची मालकांची तयारी नव्हती. ऐन पन्नाशीत सेत्सुओ घरी बसला. अंग मात्र घरी बसायला तयार नव्हतं. दुपारी जेवून तातामीच्या चटईवर आडवा झाला की पाठीखालची जमीन हळूच वर सरकू लागायची, आणि खिडकीतलं आभाळ जवळ यायचं.

"दाजी, एकाच एजन्सीच्या भरवशावर राहू नका," त्याचा मेहुणा मासाकात्सु म्हणाला. "दिसेल तिथे नाव टाका."

सेत्सुओने तीन एजन्सींकडे नाव टाकलं. दोघांचं सगळं फोनवरच उरकलं. तिसरी एजन्सी त्याच्याच मात्सुयामा शहरात, ट्रामच्या रस्त्यावरच्या एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर होती. तिथल्या नोनाकाबाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, "कसलं काम हवंय?"

"काहीही चालेल."

"काहीही नावाची नोकरी माझ्याकडे आजवर आलेली नाही, हिवातारी-सान."

खाली ट्राम मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. त्यांच्याकडे बघताना सेत्सुओला वाटलं, ही इमारतच सावकाश वर निघाली आहे. नोनाकाबाई बोलत होत्या आणि तो मान हलवत होता. "आणखी कुठे नाव दिलंय का?" या प्रश्नाला त्याने नाही म्हटलं. हो म्हणणं म्हणजे वाढणाऱ्या बाईला आपण दुसरीकडे जेवून आलोय असं सांगण्यासारखं त्याला वाटलं.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "लिफ्टदुरुस्तीवाल्यांनी तुमचं नाव बाजूला ठेवलं. त्यांना तुमचा अर्ज दोनदा मिळाला, एकदा माझ्याकडून आणि एकदा दुसऱ्या कुणाकडून. आता हा उमेदवार कुणाचा, या भानगडीत त्यांना पडायचं नाही."

आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. हातात फोन धरून तो कमरेत वाकून माफी मागत राहिला.

"फ्रिजला किती वेळ नमस्कार करणार, अहो?" बायको किए म्हणाली. "जाऊन समोर सांगा की."

तो संत्र्यांची पिशवी घेऊन गेला. "मी खोटं बोललो," उभ्याउभ्याच त्याने सांगून टाकलं.

"ते कळलं. बसा." नोनाकाबाई एक संत्रं सोलायला लागल्या. "नाव कुठेही द्या, तुमची मर्जी. फक्त कोणत्या कंपनीकडे कोण पाठवतंय, ते मला कळू द्या. आणि एक सांगते. मला पैसे कंपन्या देतात, तुम्ही नाही. मी काही तुमची मावशी नाही. पण माणूस मला माहीतच नसेल, तर मी त्याच्याबद्दल कंपनीला सांगणार काय? तुमचा एक साधा दिवस सांगा. सकाळपासून."

सेत्सुओ बिचकत बोलायला लागला. सकाळचा पहिला पाळणा रिकामाच वर पाठवायचा. खांबाला तळहात लावला की तारेची गुणगुण हाडात उतरायची. थंडीत ती बारीक व्हायची, उन्हाळ्यात जाड. ढग उतरला की आतली माणसं गप्प व्हायची, अगदी शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा. पांढऱ्यात शिरलेला पाळणा कुठे आहे ते दिसायचं नाही, नुसतं हाताला कळायचं. खोलीत संत्र्याचा वास पसरला होता. टेबलावरचं ऊन कडेला सरकलं, नोनाकाबाईंचं पेन केव्हाच थांबलं होतं, आणि दोघंही जरा वेळ कुठेतरी उंचावर असल्यासारखे बसून राहिले.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"यात सांगण्यासारखं काय आहे?"

"मला कंपनीला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आता काय करणार नाही, ते सांगा."

तो घुटमळला. हे त्याने कुठल्याच एजन्सीला सांगितलं नव्हतं. "गाव सोडता येणार नाही. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं."

"बरं झालं आज बोललात. नेमणूक झाल्यावर कळलं असतं, तर तुमचीही पंचाईत आणि माझीही."

मग वाट बघणं सुरू झालं. त्यांनी सांगितलं होतं म्हणून दर गुरुवारी तो फोन करायचा. "आज काही नाही," त्या म्हणायच्या. तो बरं म्हणून ठेवून द्यायचा, आणि दुपारी त्याची जमीन पुन्हा वर सरकायची.

उन्हाळा लागता लागता त्यांचाच फोन आला. एका छोट्या फेरी कंपनीला बेटावरच्या धक्क्यासाठी माणूस हवा होता. बोटीला खुणा करायच्या, गाड्या उतरायची फळी साखळीने खाली-वर करायची, तारांची निगा राखायची.

"पण बेटावर राहायला लागेल ना?"

"हो. म्हणून त्यांना तुमची अडचण आधीच सांगितली. तर त्यांच्या इथल्या, अलीकडच्या किनाऱ्यावरच्या धक्क्यावरचा माणूस मूळचा बेटावरचाच निघाला. त्याला घरी परतायचंय. तुम्ही अलीकडे उभे राहा. आणि मुलाखतीत 'काहीही चालेल' म्हणालात, तर यापुढे मी तुमचा फोन उचलणार नाही."

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "धुक्यात काही दिसेनासं झालं, तर?"

"थांबवतो. लोक चिडतात, तरी थांबवतो."

बाहेर पडल्या पडल्या, बसथांब्यावरूनच त्याने नोनाकाबाईंना सगळं सांगितलं. काय विचारलं ते, जागा आवडली ते, आणि डायलिसिसच्या दिवसांचा विषय काढायला आपली जीभ रेटली नाही तेही.

"ते माझ्याकडे सोपवा," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी कंपनीशी बोलून त्या तीन दिवसांची सकाळची पाळी ठरवून घेतली, म्हणजे दुपार डायलिसिसला मोकळी. नेमणूक पक्की झाली तशी सेत्सुओने बाकीच्या दोन्ही एजन्सींना फोन करून आभार मानले आणि आपलं नाव काढायला सांगितलं.

ऐन उन्हाळ्यात किए डबा घेऊन धक्क्यावर आली. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे झाले होते, बेटं पाण्याला न टेकता मधेच तरंगत होती, आणि त्यांच्यातून बोट जणू हवेतूनच येत होती. आदल्या दिवशीच्या डायलिसिसचा थकवा किएच्या अंगात होता. बघता बघता बाकावर तिचा डोळा लागला. सेत्सुओने साखळी हातात घेतली आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक कडी सोडत फळी खाली घेऊ लागला.