धड तेच, तोंड नवं

पद्मिनीला जाऊन वर्ष होत आलं, तरी श्रीरामकडे भिंतीवर लावण्याजोगा तिचा एकही फोटो नव्हता. घरात फोटो काढायची तीच, त्यामुळे ती कशातच नव्हती. सापडलं ते तिच्या म्युझियमचं आयकार्ड. त्यावरचा फोटो गळ्यापर्यंतचाच. तो त्यानं पुण्याला भावाकडे पाठवला आणि मोठा करून मागवला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी फ्रेम अमेरिकेत ॲन आर्बरला पोचली. चेहरा पद्मिनीचा. खाली हिरवा शालू, गळाभर दागिने आणि मांडीवर जुळवलेले गुबगुबीत हात.

"बाबा, धिस इज नॉट आई," नेत्रा म्हणाली. "तिचे हात असे नव्हतेच."

श्रीरामनं भावाला फोन लावला. "देवदत्त, हे अंग कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? स्टुडिओवाल्याकडे तयार असतात. वहिनी सवाष्ण गेली, म्हणून हिरवा शालू सांगितला. जीन्सवर हार घालणार होतास?"

श्रीराम शहरातली बस चालवायचा. चित्रातलं त्याला काही कळत नसे. पण एकदा पद्मिनीनं त्याला म्युझियममध्ये दोन जुनी छापील चित्रं दाखवली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले दोन राजे. चिलखत तेच, मुकुट तोच, हाताखालचा क्रॉस लावलेला गोळाही तोच. तोंडं तेवढी वेगळी.

"एक राजा गेला की छापायच्या तांब्याच्या पत्र्यावरचं त्याचं तोंड खरवडायचं आणि तिथंच नव्याचं कोरायचं," ती म्हणाली होती. "मुकुट म्हणजे सत्ता, क्रॉस म्हणजे देवाची साथ. ते कशाला पुसतील?"

"लोकांना कळायचं नाही?"

"लोक मुकुटाला मान लववायचे रे. तोंड कोण बघतंय!"

आता तो फ्रेमसमोर बसून तिचे खरे हात आठवू लागला. बोटं लांब होती, एवढं नक्की. त्यापुढे काही येईना. सव्वीस वर्षं त्या हातांनी त्याला वाढलं होतं.

दुसरा फोटो नव्हता. सकाळी त्यानं त्यालाच हार घातला. शेजारचे राजीव आणि प्रीता आले, हात जोडून उभे राहिले. "काकू किती प्रसन्न दिसतायत, काका!" प्रीता म्हणाली. नेत्रा खोलीतून बाहेर आलीच नाही.

सोमवारी तो कामावर गेला. शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली, तेव्हा त्यानं डोळे मिटून पद्मिनीला आठवलं. ती आली ती शालू नेसून, मांडीवर हात जुळवून. त्यानं डोळे उघडले, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

पुन्हा तीच आली.