पुस्तकाकडे पाठ

टक्कन आवाज झाला — कोरणी टेबलावरून घरंगळून फरशीवर पडली होती — आणि तिनं आधी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. चादर सळसळली, बस. बिट्टी उठली नाही. म्हणजे अजून थोडी दुपार आपली आहे...

समोर लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरलेला तळहाताएवढा ठसा. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत डकवायची नामपट्टी, घरातल्या झाडून सगळ्या पुस्तकांना एकच. नवऱ्याची हौस. "आता तुझी-माझी वेगळी कशाला? आडनाव टाकू की." चित्रही त्यानंच ठरवलेलं : झाड म्हणजे त्याचे बाबा, होकायंत्र म्हणजे तो, आणि दारात दिवा घेतलेली बाई.

"ती मी का?"

"मग काय शेजारीण?"

सासूबाईंना हसू आवरेना. तीही हसली होती. हसायला काय जातं. पण माहेराहून आणलेली माझी पुस्तकं, ज्यांच्या समासांत मी पेन्सिलीनं कडकडून भांडले, एकदा तर रडलेसुद्धा — त्यांच्यावरही हेच. संध्याकाळी तो डिंक घेऊन बसणार.

तिनं ठशाला शाई लावली, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला, उचलला. अक्षरं नीट. झाड नीट. आणि बाई...

पुस्तक उघडलं की पट्टी डाव्या पुठ्ठ्यावर, पानं उजवीकडे. बाईचं तोंड पानांकडे हवं. ठसा उलटा उमटतो म्हणून अक्षरं आठवणीनं उलटी कोरली, आणि बाई तेवढी सुलटी कोरून बसले! नवशिक्यानं करावी अशी चूक. आता ती पुस्तकाकडे पाठ करून, दिवा घेऊन, बाहेर निघाली होती.

खणात लिनोलियमचा दुसरा तुकडा होता. भराभर हात चालवला तर होईलही... तिनं खण ओढला, आणि हात तसाच राहिला. चूकच आहे ही. चूकच ना? पण मग बाईची ती टाच — किंचित उचललेली, केसाएवढ्या एका रेघेनं — ती तर काही उलटण्यानं आली नव्हती. ती कुणी कोरली?

"आई..." उशी ओढत बिट्टी आली, गालावर चादरीच्या वळ्या घेऊन, आणि मांडीवर चढली. लेकीच्या केसांना झोपेचा उबदार वास होता. तिनं नाक त्यात खुपसलं, क्षणभर सगळं विसरायला. बिट्टीनं बोट ओल्या शाईवर टेकवलं.

"ही तू?"

"बाबा म्हणतात तसं."

"कुठं चाललीस?"

"कुठं नाही गं. चुकून तोंड फिरलंय."

बिट्टीनं कागद जवळ घेतला, झाडामागं पाहिलं, दारात पाहिलं, बाईच्या मोकळ्या हाताशी पाहिलं. मग मान वळवून थेट आईच्या डोळ्यांत.

"आणि मी? मी तुझ्या पुढं गेलेय, की आत घरातच आहे?"